एसडब्ल्यू९ स्विचरची हँडरेल: एकाच मॉडेलच्या इंजिनांत फरक का दिसतो आणि एचओ प्रमाणात ती अचूक कशी करावी?

मालधक्का

नमस्कार. जनरल मोटर्सच्या ईएमडी या इंजिन बनवणाऱ्या विभागाच्या एसडब्ल्यू९ या अमेरिकन डिझेल स्विचरच्या, म्हणजे यार्डात डबे हलवणाऱ्या (शंटिंग करणाऱ्या) इंजिनाच्या, दोन प्रतिकृती मी एचओ प्रमाणात, म्हणजे १:८७.१ मध्ये, करायला घेतल्या आहेत. पहिले इंजिन १९६० च्या सुमारास मोठ्या यार्डात शंटिंग करताना दिसत असे तसे असावे आणि दुसरे १९८४ च्या सुमारास त्याच रेल्वे कंपनीकडे उरलेल्या इंजिनासारखे असावे, असा विचार आहे. दोन्हींसाठी घेतलेली तयार बॉडी एकच आहे. तिचे हूड (इंजिनावरचे लांब आवरण), कॅब (चालकाची खोली) आणि बोग्या (चाके बसवलेले सांगाडे) यांबद्दल मी समाधानी आहे, परंतु हँडरेलपाशी, म्हणजे हाताने धरायच्या दांड्यांपाशी, काम अडले आहे.

जमवलेली छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवली, तर सगळी इंजिने एसडब्ल्यू९ असूनही त्यांच्या हँडरेल एकमेकींशी जुळत नाहीत. काहींच्या टोकाला फूटबोर्ड (उभे राहण्याच्या फळ्या) आहेत आणि त्यांच्यावर आडवी दांडी आहे, तर काहींच्या कोपऱ्यांत खोल पायऱ्या असून प्रत्येक पायरीच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या रंगाच्या उभ्या दांड्या आहेत. काहींच्या पुढच्या कठड्यात मधोमध मोकळी जागा सोडून तिथे साखळी लावलेली दिसते. बॉडीबरोबर मिळालेली हँडरेल मऊ प्लॅस्टिकची आहे आणि कॅलिपरने मोजल्यास तिची जाडी ०.८ मिलिमीटर भरते, म्हणजे प्रत्यक्षात जवळजवळ ७० मिलिमीटर जाडीची दांडी झाली. एवढी जाड दांडी माणसाच्या मुठीत मावणारच नाही.

ही विविधता कारखान्यातूनच आली होती, की पुढे रेल्वे कंपन्यांनी केलेल्या बदलांमुळे आली, हे मला आधी समजून घ्यायचे आहे. त्यानंतर तार कोणती आणि किती जाडीची घ्यावी, आणि हँडरेल बसवल्यावरही मोटर व डिकोडरच्या (प्रतिकृतीला आज्ञा देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागाच्या) देखभालीसाठी हूड कसे काढता येईल, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

जुनी यार्डे

आपण मॉडेलनुसार फरक शोधत आहात, पण बहुतेक ठिकाणी तो काळानुसार पडलेला फरक आहे. एसडब्ल्यू९ चे उत्पादन १९५० च्या अखेरीपासून १९५३ पर्यंत झाले. त्याच्या आधीचे एसडब्ल्यू७ आणि १९५४ पासून १९६६ पर्यंत बनलेले एसडब्ल्यू१२०० ही दोन्ही त्याच १,२०० अश्वशक्तीची आणि बाहेरून त्याच्याशी बरेच मिळतेजुळते रूप असलेली इंजिने होत. यांपैकी पुष्कळ इंजिने तीस वर्षांहून अधिक काळ कामात राहिली. कारखान्यातून निघताना त्यांची जी स्थिती होती, ती त्यांच्या एकूण आयुष्याचा लहानसा भाग होती. म्हणून "एसडब्ल्यू९ ची हँडरेल कशी असते" या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. अमुक रेल्वेच्या अमुक क्रमांकाच्या इंजिनाची अमुक वर्षीची हँडरेल कशी होती, एवढेच सांगता येते, आणि प्रतिकृतीसाठी तेच पुरेसे आहे.

आता मूळ मांडणी पाहू. जुन्या स्विचरांपैकी अनेकांवर, आणि ईएमडीच्या या कुटुंबात तर ठळकपणे, बाजूची लांब दांडी चालपट्टीच्या बाहेरच्या कडेवर उभी नसून हूडच्याच अंगाला छोट्या खुंट्यांवर बसवलेली असते. वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरला लागून जाणाऱ्या दांडीची ही सरळ पुढची पिढी आहे. हूडच्या कडेची चालपट्टी अरुंद असल्यामुळे माणूस हूडकडे तोंड करून, त्या दांडीला धरून सरकत जाई. टोकांना मात्र परिस्थिती वेगळी होती. शंटिंग करणारा कामगार चालत्या इंजिनाच्या पुढे, कपलरच्या (डबे जोडायच्या आकड्याच्या) दोन्ही बाजूंना असलेल्या फूटबोर्डवर उभा राही आणि त्याला धरायला तिथेच दांडी लागे. यामुळे बाजूची हँडरेल आणि टोकाची हँडरेल यांचा इतिहास स्वतंत्र आहे. बाजूची दांडी सहसा फारशी बदलली नाही, टोकाची मात्र पुन्हा पुन्हा बदलली.

ती बदलण्याचे सर्वांत मोठे कारण कायदा हे आहे. अमेरिकेत रेल्वे सुरक्षा साधनांचा पहिला कायदा १८९३ साली झाला, १९१० च्या पुरवणी कायद्याने पायऱ्या, शिड्या आणि हाताने धरायच्या दांड्या बंधनकारक केल्या, आणि त्यांची संख्या, मापे व जागा १९११ च्या आदेशाने ठरवून दिल्या. फूटबोर्ड या व्यवस्थेत दीर्घकाळ टिकले. पण चालत्या इंजिनाच्या अगदी पुढे, रुळांच्या मधोमध माणूस उभा करणे किती धोक्याचे आहे, हे सांगण्याची गरज नाही. पाय घसरला की तो थेट चाकांपुढे पडे. शेवटी संघराज्याच्या रेल्वे प्रशासनाने, म्हणजे एफआरएने, शंटिंग करणाऱ्या इंजिनांसाठी नवा नियम केला. १ एप्रिल १९७७ पासून बनलेल्या इंजिनांना तो सुरुवातीपासूनच लागू झाला आणि त्याआधीच्या इंजिनांमध्ये तसे बदल करून घेण्यासाठी १ ऑक्टोबर १९७९ ही मुदत ठेवली गेली. कोपऱ्यात जिना नसलेल्या इंजिनांना त्यानंतर मालगाड्यांचे शंटिंग करता येईना.

आपल्या दोन प्रतिकृतींच्या मधोमध नेमका हा नियम येतो. १९६० च्या इंजिनाला फूटबोर्ड हवेत, १९८४ च्या इंजिनाला कोपऱ्यातील पायऱ्या हव्यात, आणि धरायच्या दांड्या त्या त्या उभे राहण्याच्या जागेला अनुसरून हव्यात. नियमातली मापे प्रतिकृतीसाठी फार उपयोगी आहेत. पायरीची किमान रुंदी २४ इंच आणि खोली १२ इंच, तिच्या मागे निदान ६ इंच उंचीची पाठपट्टी, आणि पायरीचा पृष्ठभाग रुळाच्या माथ्यापासून जास्तीत जास्त १९ इंच, शक्यतो १५ इंच उंचीवर. एचओमध्ये एक फूट म्हणजे ३.५ मिलिमीटर असल्याने पायरी ७ मिलिमीटर रुंद आणि ३.५ मिलिमीटर खोल झाली, तर उंची साडेचार ते साडेपाच मिलिमीटरच्या दरम्यान आली. पायरीच्या दोन्ही बाजूंना उभी दांडी लागते, ती पायरीपासून किमान ४८ इंच वरपर्यंत जायला हवी, आणि तेवढ्या उंचीपर्यंत तिचा रंग आजूबाजूच्या रंगाहून उठून दिसणारा हवा. आपल्या छायाचित्रांतल्या पांढऱ्या दांड्यांचे मूळ इथे आहे. काही रेल्वे कंपन्या या नियमाच्या आधीही टोकाच्या दांड्या फिक्या रंगात रंगवीत असत, त्यामुळे केवळ पांढरा रंग पाहून छायाचित्राचा काळ ठरवू नये. फूटबोर्ड आहेत की कोपऱ्यातील पायऱ्या, हे आधी पाहावे.

एक अपवाद लक्षात ठेवण्याजोगा आहे. एखाद्या पोलाद कारखान्याच्या आवारातच चालणारी आणि देशाच्या सर्वसाधारण रेल्वे जाळ्याचा भाग नसलेली रेल्वे या नियमाच्या कक्षेत येत नाही. म्हणून १९८५ च्या छायाचित्रात एखाद्या कारखान्याचे जुने स्विचर फूटबोर्डसह दिसले, तर छायाचित्राची तारीख चुकीची आहे असे लगेच मानू नये.

मधोमध साखळी का, याचे उत्तर सोपे आहे. दोन इंजिने एकत्र जोडून एकाच कॅबमधून चालवण्याची सोय असली, तर एका इंजिनावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी टोकाच्या कठड्यात वाट ठेवावी लागते आणि एरवी ती साखळीने बंद करावी लागते. अशा इंजिनाच्या टोकाला हवेच्या जादा होजपाइपांचा जुडगा आणि जोडणीची केबल लावायची जागाही दिसायला हवी. साखळी दाखवली आणि होजपाइप विसरले, तर जाणत्याला ते लगेच खटकते.

राहिला प्रश्न रेल्वेच्या स्वतःच्या कार्यशाळांचा. यार्डात धडका होतात, दांड्या वाकतात, आणि कार्यशाळा हाताशी असलेल्या नळीतून नवी दांडी घडवते. त्या दांडीचे वळण कारखान्याच्या रेखाचित्राशी जुळेलच असे नाही. काही इंजिने तर मुळापासून नव्याने बांधली गेली. इलिनॉय सेंट्रल गल्फच्या पडूका येथील कार्यशाळेत जुन्या ईएमडी स्विचरांतून तयार झालेली एसडब्ल्यू१४ ही इंजिने याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. अशा इंजिनासाठी मूळ मॉडेलच्या रेखाचित्रावर विसंबणे व्यर्थ आहे.

तारकाम

इतिहास वर नीट मांडला गेला आहे, म्हणून मी केवळ तार आणि बसवणी यांबद्दल लिहितो.

जाडी ठरवताना एक बाब फार लोकांच्या नजरेतून सुटते. अमेरिकन नळीचे जे माप बोलले जाते, तो तिचा बाहेरचा व्यास नसतो. "पाऊण इंची" नळीचा बाहेरचा व्यास १.०५ इंच असतो, "एक इंची" नळीचा १.३१५ इंच, आणि "सव्वा इंची" नळीचा १.६६ इंच. एचओमध्ये हे अनुक्रमे ०.३०, ०.३८ आणि ०.४८ मिलिमीटर होतात. योगायोग असा की तारेच्या बाजारात ०.०१२, ०.०१५ आणि ०.०१९ इंच ही नेहमीची मापे नेमकी याच आकड्यांवर बसतात. डिटेल असोसिएट्सची पितळी तार आणि टिची ट्रेन ग्रुपची फॉस्फर ब्राँझची तार यांत ही किंवा यांच्या अगदी जवळची मापे प्रतिकृतिकारांच्या परिचयाची आहेत. डबे आणि इंजिने यांवरच्या आखूड, भरीव लोखंडी मुठी याहून बारीक असतात. पाच अष्टमांश इंचाची मूठ काटेकोरपणे करायची तर ०.१८ मिलिमीटरची तार लागते, पण व्यवहारात ०.२५ मिलिमीटरच्या खाली जाऊ नये असे माझे मत आहे. लांब दांडी आणि आखूड मूठ एकाच जाडीच्या तारेची केली, तर बाकी सगळे बरोबर असूनही इंजिन बोजड दिसते. आपल्या छायाचित्रांत दोन्हींच्या जाडीतला फरक स्पष्ट दिसेल.

धातूची निवड कामावर अवलंबून आहे. पितळ सहज वाकते आणि सोल्डर चांगले धरते, पण हात लागला की तितक्याच सहजतेने वाकडे होते आणि पुन्हा पूर्ण सरळ होत नाही. फॉस्फर ब्राँझला अंगची लवचीकता आहे. धक्का बसला तरी ते मूळ जागी परतते आणि सोल्डरही नीट धरते. त्यामुळे हूडच्या बाजूच्या लांब, सरळ दांडीसाठी मी तेच सुचवतो. स्टेनलेस पोलादाची तार सर्वांत ताठ असते, परंतु तिला सोल्डर धरण्यासाठी आम्लयुक्त फ्लक्स (धातू साफ करून सोल्डर पसरू देणारे रसायन) लागतो आणि तो नंतर पूर्ण धुऊन काढावा लागतो, नाहीतर रंगाखाली गंज धरतो. तार विकत घेताना गुंडाळीची न घेता सरळ कांड्यांची घ्यावी. गुंडाळीतली तार कितीही ओढून सरळ केली तरी तिच्यात मंद लाट उरते आणि हूडच्या सपाट पृष्ठभागापुढे ती लाट लपत नाही.

वळणाकडे विशेष लक्ष द्यावे. खरी नळी काटकोनात तुटक वळत नाही, तिला गोलाई असते. सपाट जबड्याच्या पक्कडीने दिलेला कोपरा म्हणूनच खोटा दिसतो. गोल जबड्याच्या पक्कडीवर किंवा योग्य व्यासाच्या ड्रिलच्या दांड्याभोवती तार वळवावी. दोन्ही बाजूंच्या दांड्या जुळ्या हव्या असतील, तर त्या एकामागून एक हाताने वळवण्याऐवजी प्लॅस्टिकच्या जाड पत्र्यावर रेखाचित्र चिकटवून, वळणाच्या जागी छोटे खिळे रोवून साचा करावा.

हूडवरच्या खुंट्यांसाठी मी सुचवीन ती पद्धत अशी. ०.२५ मिलिमीटरच्या तारेचा छोटा फास दांडीभोवती घ्यावा, त्याची दोन्ही शेपटे हूडमध्ये पाडलेल्या अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रातून आत न्यावीत आणि आतून थेंबभर इपॉक्सी लावावे. दांडी आणि हूड यांतले अंतर सर्वत्र सारखे राहावे म्हणून तेवढ्या जाडीची पट्टी मध्ये धरून मगच गोंद लावावा आणि तो वाळल्यावर पट्टी काढून घ्यावी. धरायच्या दांडीमागे हाताला अडीच इंच मोकळी जागा ही अमेरिकन नियमांतली नेहमीची अपेक्षा आहे. एचओमध्ये ती ०.७३ मिलिमीटर होते, त्यामुळे पाऊण मिलिमीटरची पट्टी चालते. तयार प्रतिकृतींत हे अंतर बहुधा दुप्पट असते, आणि हँडरेल हूडला चिकटवल्यासारखी न दिसता लांब तरंगताना दिसते ती त्यामुळे.

हूड काढता येण्याचा प्रश्न आपण आधीच विचारलात हे बरे झाले. हूडवरची दांडी हूडबरोबरच निघते, तिची अडचण नाही. अडचण तिथे येते जिथे एखादी दांडी हूडपासून निघून चालपट्टीवर किंवा कॅबच्या भिंतीवर संपते. अशा दांडीचे एकच टोक चिकटवावे आणि दुसरे टोक छिद्रात नुसते सरकवून ठेवावे. चालपट्टीतले ते छिद्र तारेपेक्षा किंचित मोठे आणि निदान दोन मिलिमीटर खोल असावे, म्हणजे हूड वर उचलताना तार अलगद निघते आणि परत ठेवताना आपली जागा शोधते.

सोल्डरचे काम बॉडीपासून दूर, साच्यावरच पुरे करावे. नेहमीचे ६३/३७ कथिल-शिसे सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते, तर पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडते. तारेतून उष्णता किती झपाट्याने पुढे जाते हे पाहता, बॉडीवर बसवलेल्या दांडीला सोल्डर लावणे म्हणजे छिद्राभोवतीचे प्लॅस्टिक वितळू देणे होय.

मालधक्का

दोन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. १९६० च्या आणि १९८४ च्या इंजिनांची टोके आता वेगवेगळी करायची, हे निश्चित झाले. मात्र माझ्याकडे ज्या क्रमांकाच्या इंजिनाची छायाचित्रे आहेत, त्याचे रेखाचित्र उपलब्ध नाही. छायाचित्रांवरूनच दांडीची उंची आणि वळणाची जागा काढावी लागेल. एक छायाचित्र अगदी बाजूने घेतलेले आहे, दुसरे पुढच्या कोपऱ्यातून. मोजणीसाठी आधार कशाचा धरावा? तसेच माझा एक सहकारी हेच इंजिन एन प्रमाणात, म्हणजे १:१६० मध्ये, करणार आहे, त्याला ही सगळी मापे केवळ लहान करून चालतील का?

समांतर

बाजूने घेतलेल्या छायाचित्रावरून माप काढणे शक्य आहे, फक्त आधार आणि मोजायची वस्तू कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर हवीत. एसडब्ल्यू९ ची खात्रीची मापे अशी आहेत: चाकाचा व्यास ४० इंच, बोगीतील दोन आसांमधले अंतर ८ फूट, दोन बोग्यांच्या केंद्रांमधले अंतर २२ फूट आणि कपलरसह एकूण लांबी ४४ फूट ५ इंच. एचओमध्ये ही मापे अनुक्रमे ११.७, २८, ७७ आणि सुमारे १५५.५ मिलिमीटर होतात. बहुतेक लोक चाक किंवा बोगी आधाराला धरतात, कारण ती सहज दिसतात. पण चाकाची बाहेरची बाजू चालपट्टीच्या कडेपेक्षा बरीच आत असते. समजा छायाचित्र ३० फुटांवरून घेतले आहे आणि चाक कडेपेक्षा २ फूट आत आहे, तर चाक त्याच्या खऱ्या प्रमाणापेक्षा सहा ते सात टक्के लहान दिसेल. त्याला आधार मानून कडेवरची १४ मिलिमीटरची दांडी मोजली, तर ती जवळजवळ एक मिलिमीटर जास्त उंच भरेल. हँडरेलच्या बाबतीत एक मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षात साडेतीन इंच, आणि एवढी चूक डोळ्यांना जाणवते.

यावर उपाय असा की कोपऱ्यातल्या पायऱ्या आणि उभ्या दांड्या मोजायच्या असतील तेव्हा चालपट्टीच्या कडेची लांबी आधाराला घ्यावी, कारण त्या साधारण एकाच पातळीत येतात. हूडवरच्या दांडीसाठी हूडच्याच दारांची उंची आणि रुंदी आधाराला घ्यावी. आपल्या तयार बॉडीचे हूड अचूक असेल, तर त्याची दारे आपल्याकडे मिलिमीटरमध्ये मोजता येतातच. दांडी कितव्या दाराच्या कितव्या बिजागरीशी येते, खुंट्या दारांच्या जोडावर आहेत की मध्ये, हे मोजपट्टीशिवाय नुसते पाहूनही नोंदवता येते, आणि माझ्या मते ही पद्धत सर्वांत विश्वासाची आहे. लेन्समुळे छायाचित्राच्या कडा वाकलेल्या असल्या तरी दारांची गणना चुकत नाही.

कोपऱ्यातून घेतलेले छायाचित्र मापासाठी वापरू नये. ते आकारासाठी आहे. दांडी कॅबकडे जाताना आत वळते की सरळ जाते, टोकाचा कठडा चालपट्टीच्या वरून उगवतो की तिच्या पुढच्या उभ्या पट्टीला बाहेरून बोल्ट केलेला आहे, साखळीचा आकडा कोणत्या बाजूला आहे, हे त्यातूनच कळते. आणखी एक सूचना अशी की इंजिनाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे मिळेपर्यंत दोन्ही बाजू सारख्या आहेत असे गृहीत धरू नये. ज्या बाजूची दांडी धडकेनंतर बदलली असेल, तीच आपल्या छायाचित्रात नसण्याची शक्यता नेहमी असते.

एकशेसाठ

एन प्रमाणाबद्दल मी सांगतो, कारण माझे सगळे काम १:१६० मध्येच आहे. गणिताने पाहिल्यास एक इंची नळीसाठी ०.२१ मिलिमीटरची तार लागते आणि ०.२ मिलिमीटरची तार सहज मिळते. पण हूडच्या पूर्ण लांबीची एवढी बारीक फॉस्फर ब्राँझची तार इंजिन रुळावर ठेवताना बोट लागले तरी वाकते. म्हणून लांब दांडीसाठी मी ०.२५ मिलिमीटरची स्टेनलेस तार घेतो आणि कोपऱ्यांतल्या उभ्या, आखूड दांड्यांसाठी ०.२ मिलिमीटरची फॉस्फर ब्राँझ. ०.२५ मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षात ४० मिलिमीटर, सव्वा इंची नळीपेक्षाही थोडी कमीच, म्हणजे अशक्य कोटीतली जाडी नव्हे. पाहणाऱ्याला आधी दांडीचा सरळपणा आणि हूडपासूनचे एकसारखे अंतर जाणवते, व्यास त्याच्या फार नंतर, असे माझे ठाम मत आहे. लहान प्रमाणात व्यासाशी थोडी तडजोड करून सरळपणा राखणे हा म्हणूनच योग्य व्यवहार आहे.

तारकाम

एन प्रमाणापुरते हे मला मान्य आहे, परंतु एचओमध्ये अशी तडजोड करण्याचे कारण उरत नाही. ०.३८ मिलिमीटरची फॉस्फर ब्राँझ तार खुंट्यांवर नीट बसवल्यास नेहमीच्या हाताळणीत टिकते, आणि जाडीही तंतोतंत राहते. उलट एचओमध्ये "जरा जाड घेतलेली बरी" असे म्हणून ०.५ मिलिमीटरपर्यंत गेले, तर रंगाचा थर दोन्ही बाजूंनी चढल्यावर ती पावणेदोन इंचांच्याही पुढे जाते. यासाठी रंग पातळ असावा आणि शक्य तेवढा एअरब्रशने द्यावा. धातूवर आधी धातूसाठीचा प्रायमर हवा, नाहीतर वळणांवर आणि बोटे लागतात तिथे रंग सुटतो.

रंगाचा क्रम १९८४ च्या इंजिनासाठी महत्त्वाचा आहे. उभ्या दांडीचा वरचा भाग बॉडीच्या रंगाचा आणि खालचा ४८ इंचांचा, म्हणजे १४ मिलिमीटरचा भाग पांढरा अशी विभागणी छायाचित्रात असेल, तर आधी संपूर्ण दांडी पांढरी करावी आणि मग खालचा भाग झाकून वरचा रंग द्यावा. गडद रंगावर पांढरा चढवायला दोन-तीन थर लागतात आणि तेवढ्यात दांडी फुगते. पुष्कळ इंजिनांवर विभागणी न करता टोकाची संपूर्ण दांडीच फिक्या रंगात असते, तेव्हा छायाचित्र पाहूनच ठरवावे.

आपण तूर्त बॉडीबरोबर आलेली प्लॅस्टिकची हँडरेल एका इंजिनावर ठेवणार असाल, तर ती बहुधा ॲसिटल जातीच्या प्लॅस्टिकची असेल. ते मोडत नाही म्हणून कारखान्यांना सोयीचे असते, पण त्याचा पृष्ठभाग निसरडा असल्याने रंग त्याला धरत नाही. भांडी धुण्याच्या साबणाने स्वच्छ करून, प्लॅस्टिकला चिकटणारा खास प्रायमर देऊन, वर लवचीक ॲक्रिलिक रंग दिल्यास तो बराच काळ टिकतो. वाकडी झालेली दांडी गरम पाण्यात धरून सरळ करता येते आणि सरळ धरूनच थंड पाण्यात घातली की तशी राहते. तथापि ०.८ मिलिमीटरची जाडी कोणत्याही रंगाने कमी होणार नाही. निदान टोकाच्या दांड्या तरी तारेच्या कराव्यात, कारण इंजिन समोरून पाहताना त्याच सर्वांत जवळ असतात.

साखळीविषयी एक शेवटची सूचना. एका इंचात चाळीस कड्यांची बारीक साखळी एचओमध्ये योग्य दिसते, तिची एक कडी प्रत्यक्षात सव्वादोन इंचांची ठरते. अशी साखळी इतकी हलकी असते की स्वतःच्या वजनाने तिला झोल पडत नाही. ती रंगवण्याऐवजी रासायनिक द्रावणात काळी करावी, म्हणजे कड्या एकमेकींना चिकटत नाहीत. मग दोन्ही टोके आकड्यांत अडकवून, मधल्या कडीला बारीक तारेचे वजन टांगून तिला झोल द्यावा, त्याच स्थितीत पातळ केलेल्या मॅट वार्निशचा थेंब सोडावा आणि वार्निश पूर्ण वाळल्यावरच वजन काढावे.